पुरसो ऊर्फ

दुकानाच्या पाटीवर आता नाव नाही.
म्हापशाच्या पावसानं आधी आडनाव नेलं,
मग उरलेलं.
तरी गिऱ्हाईक चुकत नाही.
‘ड्रेपरी पुरसोकडून आणा,’ म्हणतात
पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचे जत्रेतले नाटकवाले.

पुरसो माझे पणजोबा.
बैलगाडीत दोन ट्रंका, चार दाढ्या, एक पितळी मुकुट
एवढ्यावर त्यांनी हे मांडलं.
मग गल्ल्यावर आजोबा बसले, तेही पुरसो.
मग काका.
काकांच्या चौदाव्या दिवशी मी कुलूप काढलं
आणि पोदेर सायकल न थांबवता ओरडला,
‘पुरसो, पाव किती?’
मी म्हटलं, चार.
तेवढाच माझा राज्याभिषेक.

नाताळ सरला की रेईश मागूशहून
इर्मेलिंद बाई येतात, तीन राजांच्या फेस्ताचे मुकुट न्यायला.
शाळेत इतिहास शिकवायच्या. अजून शिकवतात,
समोर कुणीही असो.
यंदा त्यांचा भाचा गास्पार होणार.
परवाच साळगावात कंसाच्या डोक्यावर होता तो मुकुट
मी चिंचेनं घासत होतो,
तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक नाणं दाखवलं.

बसलेला माणूस, हातात धनुष्य.
‘हा पार्थियाचा अर्शक. पहिला.
टोळीचा नायक होता, राज्य मिळवलं.
आणि हा अर्शक. हासुद्धा.
पावणेपाचशे वर्षं, तीसेक राजे,
गादीवर बसला की प्रत्येक जण अर्शक.
नाण्यावर दाढी बदलते, मुकुट बदलतो,
धनुष्य तेच, नाव तेच.
कुठला कुठला, ओळखताना पंडितांचे डोळे जातात.’

‘अर्थ काय त्याचा?’
‘अर्शन म्हणजे नर. वीर. पुरुष.’
मी चिंचेचा हात तसाच धरून हसलो.
बाईंना कळायला थोडा वेळ लागला.
‘पुरसो!’ म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्याच.

मग त्यांना स्वतःचं नाव कधीच नसे?
असे की. दोघे एकाच वेळी
गादीवर हक्क सांगायला लागले
की नाण्यावर क्वचित खरं नाव उमटायचं.
आणि बाबिलोनचे कारकून, मातीच्या पाटीवर
ग्रहताऱ्यांच्या नोंदी ठेवणारे,
ते कधी कधी लिहून ठेवत:
अर्शक राजा, ज्याला ऊरूद म्हणतात.

म्हणजे ऊर्फ.

मला तो शब्द ठाऊक आहे.
धाकट्यानं दुकानाच्या वाटणीचा दावा लावला
तेव्हा कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदा
मी माझं नाव टाइप केलेलं पाहिलं.
बेलिफ दारात उभा राहून विचारत होता,
हा गृहस्थ इथेच राहतो का?
मी आत वळून पाहिलं.
खरंच पाहिलं.
दाव्यात दोघांचीही नावं होती, आईनं ठेवलेली,
शेजारी शेजारी, पाळण्यात असावीत तशी,
मध्ये फक्त ‘विरुद्ध’.
आई असती तर त्याच दोन नावांनी
जेवायला हाक मारली असती.

हे मी बाईंना सांगितलं नाही.
त्या तोवर गास्पारवर आल्या होत्या:
हे नावही म्हणे पार्थियन घराण्यातलंच असावं,
गुंदफर नावाच्या राजाचं,
आणि गुंदफरही एकच नव्हता.
घासून घासून, देशोदेशी फिरून
ते मांडवीच्या काठाला लागलं.

भाचा मुकुट घालून आरशापुढे उभा.
मुकुट नाकावर आला.
आतल्या पट्टीत आधीच्या डोक्यांसाठी कोंबलेले
कागद होते, कितीतरी वर्षांचे.
मी त्यांत एक घडी वाढवली. कसला कागद ते असो.
मुकुट बसला.

‘नाव काय रे तुझं?’
‘गास्पार.’
‘ते नव्हे. घरचं.’
पोरगा आरशातूनच बघत राहिला,
मान हलू न देता.
‘सात तारखेला सांगतो.
मुकुट परत आणीन तेव्हा.’

पावतीबुकात लिहिलं: राजा, एक. अनामत पाचशे.
खाली सही करायची जागा.
पेन जरा थांबलं.